जुना पिकअप घेताय? आधी खाली वाकून बघा

पिकअप म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे अजूनही पहाटे चारला कोबीच्या गोण्या लादून मार्केट यार्डाकडे निघालेली गाडी येते. आपल्याकडे पिकअप म्हणजे धंद्याची गाडी. घरची माणसं त्यातून लग्नाला जात नाहीत, आणि गेलीच तर अख्खं वऱ्हाड हौद्यात बसून जातं. अमेरिकेत आल्यावर कळलं की इथे पिकअप ही बऱ्याच घरांची रोजची गाडी आहे. ऑफिसला तीच, किराणाला तीच आणि रविवारी लाकडं आणायलाही तीच.

माझी पीएचडी नेदरलँड्सची. तिथे चार वर्षं सायकलवर काढली आणि गाडीचा विचारही मनात आला नाही. पोस्टडॉकसाठी मिशिगनमध्ये आले आणि पहिल्याच महिन्यात समजलं की इथे चाकं नसतील तर पायही नाहीत. बस तासाला एक, रविवारी तीही नाही. त्यात माझं काम मातीचं. नमुन्यांचे डबे, खोरं, पाइप, बर्फाची पेटी असं सगळं घेऊन शेतात जायचं. शेवटी एक जुना, छोटा पिकअप घेतला. १९९९ चं मॉडेल, चार सिलिंडर, हाताचे पाच गिअर, मीटरवर १ लाख ६८ हजार मैल. मागच्या एपिसोडमध्ये मी त्याचा ओझरता उल्लेख केला, आणि तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी विचारलं की अशी गाडी घ्यावी का, बघायची कशी, दुरुस्त कुठून सुरू करायची. हा लेख त्यासाठी. यात माझी एक मोठी चूकही आहे. ती लपवून ठेवली तर लेखाचा तुम्हाला फारसा उपयोग नाही.

लहान पिकअप इतका महाग का?

शोधायला लागलात की पहिला धक्का किमतीचा बसतो. पंचवीस वर्षांची गंजकी गाडी, आणि भाव तीन-चार हजार डॉलर! याच्या अनेक कारणांपैकी एक कारण कोंबडी आहे. १९६०च्या दशकात युरोपमध्ये स्वस्त अमेरिकन कोंबडीवर जबर आयात कर लावला गेला. त्याला उत्तर म्हणून अमेरिकेनं बटाट्याचा स्टार्च, डेक्स्ट्रिन, ब्रँडी आणि हलके ट्रक यांच्या आयातीवर २५ टक्के कर बसवला. राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी डिसेंबर १९६३ मध्ये तो जाहीर केला आणि १९६४ पासून तो लागू झाला. बाकीच्या वस्तूंवरचा कर पुढे निघाला, ट्रकवरचा मात्र राहिला. लोक त्याला आजही ‘चिकन टॅक्स’ म्हणतात. बाहेर बनलेले स्वस्त, लहान पिकअप इथे आणणं परवडेना, आणि इथल्या कंपन्यांचे पिकअप वर्षागणिक मोठे आणि महाग होत गेले. त्यामुळे जुन्या लहान गाड्या लोक जपून ठेवतात, आणि विकताना पुरेपूर भाव मागतात.

तुमच्याकडे एक हुकमी पत्ता असू शकतो: हाताचे गिअर. भारतात गाडी शिकला असाल तर क्लच तुमच्या पायात मुरलेला असतो. इथल्या अनेकांना तो चालवता येत नाही, त्यामुळे अशा गाड्यांना गिऱ्हाईक कमी असतं आणि घासाघीस करायला जागा मिळते.

कागद आधी

गाडी बघायला जाण्याआधी विक्रेत्याकडून व्हिन मागून घ्या. १९८१ च्या मॉडेलपासून प्रत्येक गाडीला १७ अक्षरी-अंकी व्हिन असतो. त्यात आय, ओ आणि क्यू ही अक्षरं कधीच नसतात, कारण ती १ आणि ० सारखी दिसतात. दहावं अक्षर मॉडेलचं वर्ष सांगतं. १९९९ साठी ते एक्स आहे. हा नंबर समोरच्या काचेखाली डॅशबोर्डवर आणि चालकाच्या दाराच्या चौकटीवर असतो. दोन्ही ठिकाणी तो एकच आहे ना, हे स्वतः वाचा. त्याच नंबरवरून केंद्र सरकारच्या रस्ता सुरक्षा संस्थेच्या, म्हणजे एनएचटीएसएच्या, साइटवर रिकॉल राहिलेत का हे फुकट बघता येतं.

मग टायटल. हे आपल्या आरसी बुकाचं इथलं भावंड. टायटलवरचं नाव आणि समोरच्या माणसाच्या ओळखपत्रावरचं नाव एकच हवं. ‘मित्राची गाडी आहे, तो गावाला गेलाय’ असं ऐकलं की नमस्कार करून निघा. टायटलवर ‘सॅल्व्हेज’ किंवा ‘रिबिल्ट’ असा शिक्का असेल तर गाडी कधीतरी मोठ्या अपघातातून किंवा पुरातून आलेली असू शकते. बँकेचं कर्ज बाकी आहे का, तेही त्यावर दिसतं.

मीटरवर फार विसंबू नका. २०१० आणि त्याआधीच्या मॉडेलसाठी विक्रेत्यानं मीटरचा आकडा लेखी जाहीर करण्याचं केंद्रीय बंधन आता नाही. आकडा खरा असेलही, पण क्लच पॅडलचं झिजलेलं रबर, सीटची कड आणि स्टिअरिंगची चकाकी जास्त प्रामाणिक असतात.

माठ वाजवून घेतात तशी

आता मुख्य गोष्ट. जुन्या पिकअपमध्ये इंजिन बदलता येतं, गिअरबॉक्स बदलता येतो, सीट, दारं, हौदासुद्धा बदलता येतो. बदलायला परवडत नाही ती चासी, म्हणजे ज्यावर हे सगळं बसवलेलं असतं तो लोखंडी सांगाडा. आणि मिशिगनसारख्या राज्यात चासीचा वैरी म्हणजे मीठ. डेट्रॉइट शहराच्या खाली साधारण १,२०० फुटांवर मिठाची खाण आहे, आणि हिवाळ्यात बर्फ वितळवायला टनावारी मीठ रस्त्यांवर पडतं. मिठानं पाण्याचा गोठणबिंदू खाली येतो, म्हणून रस्ता मोकळा राहतो. पण खारट पाण्यातून विद्युतभार सहज वाहतो आणि त्यातले क्लोराइड लोखंडावरचा संरक्षक थर फोडतात, त्यामुळे गंज झपाट्यानं पसरतो. चासीच्या पोकळ भागात खारट चिखल साचला की तो आतून पोखरतो, आणि बाहेरून काळा रंग छान दिसत राहतो.

ही किरकोळ बाब नाही. टोयोटानं २००८ मध्ये अमेरिकेतल्या १९९५ ते २००० च्या टॅकोमा पिकअपच्या चासीवरची गंजाची वॉरंटी १५ वर्षांपर्यंत वाढवली, आणि ज्यांचा सांगाडा फारच गेला होता अशा गाड्या बाजारभावाच्या दीडपट देऊन परत घेतल्या. टॅकोमाचं इंजिन लाखो मैल चालतं अशी ख्याती. म्हणजे इंजिन ठणठणीत, आणि तरी गाडी भंगारात.

म्हणून जुने कपडे घाला, टॉर्च आणि लहान हातोडी घ्या आणि खाली शिरा. गाडी जमिनीवर चारही चाकांवर उभी असतानाच. जॅकवर उचललेल्या गाडीखाली नाही. आजी माठ घेताना बोटानं टकटक करून आवाज ऐकते ना, तसं चासीवर हळू वाजवत जा. चांगलं लोखंड टणत्कार देतं. कुजलेलं लोखंड भद्द वाजतं, आणि पापुद्रे पडतात. मागच्या अ‍ॅक्सलवरचा वाकडा भाग, कमान पाटे जिथे चासीला जोडलेत त्या जागा, आणि केबिन जिथे टेकते त्या जागा नीट बघा. स्क्रूड्रायव्हर टोचून बघा. आत गेला तर तुम्हीही तिथूनच परत जा. सगळी गाडी मळकट आणि चासीवर मात्र ताजा काळा लेप असेल तर जास्तच संशय घ्या. वरवरचा तांबूस गंज पंचवीस वर्षांच्या गाडीला असतोच. पापुद्रे आणि भोकं चालत नाहीत.

मग इंजिन. विक्रेत्याला आधीच सांगून ठेवा की मी येईपर्यंत गाडी चालू करू नका. पोचल्यावर बॉनेटला हात लावून बघा. गरम लागलं तर थंडीत चालू व्हायला ती कुरकुरते की काय, हा प्रश्न विचाराच. सायलेन्सरमधून निळा धूर आला तर ऑइल जळतंय, काळा आला तर पेट्रोल जास्त जातंय. पांढरा, गोडसर वासाचा धूर थांबतच नसेल तर कूलंट सिलिंडरमध्ये शिरतोय. थंड सकाळी पहिले काही क्षण पांढरी वाफ दिसते, तिला घाबरू नका.

१९९६ च्या मॉडेलपासून इथल्या सगळ्या कारना आणि हलक्या ट्रकना ओबीडी-२ ही तपासणीची सोय असते. स्टिअरिंगखाली १६ पिनांचं सॉकेट असतं आणि वीस-तीस डॉलरच्या स्कॅनरनं इंजिनच्या तक्रारी वाचता येतात. यात एक गोम आहे. विक्रेत्यानं आदल्या दिवशी तक्रारी पुसल्या असतील तर दिवा लागत नाही. पण पुसल्यावर गाडीच्या आतल्या चाचण्या पुन्हा पूर्ण व्हायला बरंच चालवावं लागतं. स्कॅनरवर ‘रेडिनेस’ बघा. बऱ्याच चाचण्या अपुऱ्या दिसल्या तर पाटी नुकतीच पुसली गेलीय असं समजा. बॅटरी नवीन घातली तरी असं होतं, म्हणून आधी विचारा आणि मग ठरवा.

एवढं करून गाडी आवडली तरी पैसे देण्याआधी ती तुमच्या ओळखीच्या मेकॅनिकला दाखवा. मी १२० डॉलर दिले. मिशिगनमध्ये गाड्यांची वार्षिक सुरक्षा तपासणी नसते, त्यामुळे धोकादायक गाडीसुद्धा वर्षानुवर्षं रस्त्यावर राहू शकते. तुमच्यासाठी ती तपासणी दुसरं कोणी करणार नाही.

माझी चूक

मेकॅनिकनं मला एका पानावर यादी लिहून दिली. चासी ठीक. इंजिन ठीक. टायर जुने. आणि चौथी ओळ: मागच्या ब्रेकची नळी गंजलेली, लवकर बदला.

विक्रेत्यानं ३,२०० डॉलर सांगितले होते. मी ते पान त्याच्यापुढे ठेवलं, चौथ्या ओळीवर बोट ठेवलं आणि २,६०० ला सौदा केला. फार शहाणी असल्यासारखं वाटलं. मग ते पान घडी करून डॅशबोर्डच्या कप्प्यात टाकलं आणि विसरून गेले.

पुढचे तीन आठवडे मी काय केलं? नवा स्टिरिओ लावला. इंजिनचा पिवळा दिवा लागला होता, त्याच्यामागे लागले. स्कॅनरनं पी०१७१ हा कोड दाखवला. त्याचा अर्थ, इंजिनला हवेच्या मानानं पेट्रोल कमी पडतंय. मी घाईनं साठ डॉलरचा ऑक्सिजन सेन्सर आणून बसवला. दिवा तसाच. शेवटी सापडलं की हवेची एक रबरी नळी चिरली होती आणि तिथून फालतू हवा आत जात होती. नवी नळी चार डॉलरला. प्रयोगशाळेत मी विद्यार्थ्यांना रोज सांगते की उपकरणाचं वाचन म्हणजे कारण नव्हे. घरी मात्र वाचन बघितलं आणि दुकानात पळाले.

मग एका शुक्रवारी एका मैत्रिणीला घेऊन हायवेनं शेतावर गेले. सत्तर मैलांचा वेग, मागे नमुन्यांचे जड डबे. परत आलो. तिला घरी सोडलं. दुसऱ्या दिवशी सकाळी किराणा दुकानाच्या पार्किंगमध्ये वळताना ब्रेक दाबला, आणि पॅडल मऊ होऊन खालपर्यंत गेलं. गाडी जेमतेम थांबली, समोरच्या ट्रॉल्यांच्या रांगेपासून हातभर अंतरावर. उतरून बघितलं तर मागच्या चाकाजवळ ब्रेक ऑइलचं थारोळं.

झालं काय ते समजून घ्या. पॅडल दाबलं की मास्टर सिलिंडरमधलं ब्रेक ऑइल बारीक लोखंडी नळ्यांमधून चाकांपर्यंत दाब पोचवतं. द्रव पदार्थ जवळपास दबत नाही, म्हणून दाब सगळीकडे सारखा पोचतो. नळीला भोक पडलं की दाब तिथूनच निसटतो. हल्लीच्या गाड्यांमध्ये मास्टर सिलिंडरचे दोन स्वतंत्र भाग असतात. पिकअपमध्ये सहसा एक भाग पुढच्या चाकांसाठी, दुसरा मागच्यांसाठी. माझी मागची नळी फुटली आणि पुढच्यांनी मला वाचवलं. हेच आदल्या दिवशी सत्तरच्या वेगात झालं असतं तर हा लेख मी लिहिला असता की नाही, माहीत नाही. शेजारच्या सीटवर मैत्रीण होती, आणि तिला त्या कागदाबद्दल काहीच माहीत नव्हतं. गाडीतला धोका मी एकटीनं स्वीकारला असता तर तो माझा मूर्खपणा होता. तिला न सांगता बसवलं, हे त्याहून वाईट.

त्या चौथ्या ओळीचे मला सहाशे डॉलर मिळाले होते, आणि मी ते स्टिरिओत घातले. म्हणून तुम्हाला एवढंच सांगते: तपासणीत जे सापडलं त्याच्या जोरावर भाव पाडलात, तर ते पैसे त्याच दुरुस्तीचे आहेत. ते वेगळे काढून ठेवा.

दुरुस्तीचा क्रम

माझ्या शेजारी एक निवृत्त गृहस्थ राहतात. गाड्यांच्या कारखान्यात त्यांचं आयुष्य गेलं. मनातल्या मनात मी त्यांना काकाच म्हणते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच वाक्य बोलले, “आधी थांबायची सोय कर, मग पळायची.” तोच क्रम आता मी सगळ्यांना सांगते.

पहिलं, जे गाडी थांबवतं आणि वळवतं. ब्रेक, टायर, स्टिअरिंगचे सांधे. आम्ही चारही चाकांच्या नळ्या बदलल्या, कारण एक फुटली म्हणजे बाकीच्याही त्याच वयाच्या. लोखंडाऐवजी निकेल-तांब्याच्या मिश्रधातूची नळी वापरली. ती गंजत नाही आणि हातानं वाकवता येते. नळीचं टोक दुहेरी दुमडावं लागतं, त्यासाठी वेगळं अवजार मिळतं. मधेच दाबून बसवायचे स्वस्त जोड ब्रेकमध्ये कधीही वापरू नका. हे काम पहिल्यांदा एकट्यानं करू नका. येत नसेल तर गॅरेजला पैसे द्या, त्यात कमीपणा नाही. टायरचं वय त्याच्या बाजूवर लिहिलेलं असतं: डीओटीच्या ओळीतले शेवटचे चार आकडे. २३१८ म्हणजे २०१८ चा तेविसावा आठवडा. नक्षी भरपूर दिसली तरी दहा वर्षांचा टायर नको.

दुसरं, तेल-पाणी. इंजिन ऑइल, कूलंट, गिअर ऑइल, मागच्या डिफरन्शिअलचं ऑइल, ब्रेक ऑइल. आधीच्या मालकानं बदललं असेल असं धरून चालू नका. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं, त्यामुळे त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो. दोन-तीन वर्षांनी ते बदलावंच लागतं.

तिसरं, इंजिन. प्लग, वायरी, पट्टे, रबरी नळ्या. तुमच्या इंजिनात टायमिंग बेल्ट आहे की चेन, हे मॅन्युअलमध्ये बघा. बेल्ट असेल आणि बदलल्याची पावती नसेल तर बदला. आणि कोड आला तर एका वेळी एकच गोष्ट बदलून बघा. दोन बदललेत तर कशानं बरं झालं, ते कधीच कळत नाही.

स्टिरिओ, सीट कव्हर, रंग हे सगळ्यात शेवटी.

काम करताना एक नियम मोडू नका. जॅक गाडी उचलायला असतो, धरून ठेवायला नाही. सपाट, कठीण जमिनीवर खाली स्टँड लावा, टेकलेल्या चाकांना अडसर लावा, गाडी हलवून बघा आणि मगच खाली शिरा. हे अंगवळणी पडायला हवं, अगदी ‘दोनच मिनिटांचं काम’ असलं तरी.

हिशेब

गाडी २,६००. मिशिगनचा ६ टक्के कर १५६. तपासणी १२०. टायर ४८०. ब्रेकचं सामान ३१०. पाने, स्टँड आणि बाकी अवजारं २६०. ऑइल वगैरे १४०. प्लग-वायरी ७०. फुकट गेलेला सेन्सर ६०. एकूण साधारण ४,२०० डॉलर. विमा, नंबर प्लेट आणि तो स्टिरिओ वेगळा. मजुरी शून्य, कारण शनिवार माझे आणि काकांचे. गॅरेजमध्ये सगळं करवलं असतं तर आकडा बराच फुगला असता. म्हणून बजेट ठरवताना खिशातल्या सगळ्या पैशांची गाडी घेऊ नका. निम्म्याच्या आसपास रक्कम मागे ठेवा.

शनिवार मोकळे नसतील, दुसरी सोय नसेल, सोमवारी गाडी चालू झालीच पाहिजे अशी नोकरी असेल, तर जुना पिकअप घेऊ नका. साधी, कमी चाललेली छोटी कार घ्या. पण शिकायची हौस असेल, तर अशी गाडी बरंच शिकवते. तिच्यात पडदे कमी असतात. बॉनेट उघडलं की कुठली नळी कुठून कुठे जाते, हे डोळ्यांना दिसतं.

हिवाळ्यात मी आता दर दोन आठवड्यांनी गाडी खालून धुते आणि थंडी पडायच्या आधी चासीला तेलाचा थर देते. मेकॅनिकचं ते पान अजून डॅशबोर्डच्या कप्प्यातच आहे. चारही ओळींवर आता काट मारलेली आहे, आणि प्रत्येकीपुढे तारीख. नवीन काही सापडलं की खाली लिहिते, आणि कुणी गाडीत बसलं की आधी त्यांना ते पान वाचायला देते.